प्रवाशांच्या यादीतलं नाव

पाळक होण्याआधी मी अठरा वर्षं लोकांचं रक्त तपासत होते. म्हणजे एका रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये नोकरीला होते. सकाळी नळ्या यायच्या, संध्याकाळी रिपोर्ट जायचे. रिपोर्टमध्ये चांगलं असो वाईट असो, "बघू", "कदाचित", "होईल हळूहळू" असलं काही नसायचं. साखर इतकी, हिमोग्लोबिन इतकं, खाली माझी सही. नमुना खराब झाला असेल तर तसं लिहायचं आणि दुसरा मागवायचा. नमुना बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा तिथला पहिला नियम होता आणि तो मी एकदाही मोडला नाही.

मग मला देवाने बोलावलं. असं मी म्हणते. माझा नवरा म्हणतो, देवाने बोलावलं की लॅबच्या साहेबांशी भांडून निघालीस, याचा निकाल अजून लागायचा आहे. तो वायरमन आहे आणि दिवसभर शिडीवर असल्यामुळे त्याला सगळ्यांकडे वरून बघायची सवय आहे. चार वर्षं मी तरुण पोरांच्या शेजारी बसून धर्मशिक्षण घेतलं, मग दोन मोठ्या चर्चमध्ये मदतनीस म्हणून राबले, आणि पन्नाशीला टेकल्यावर हे चर्च माझ्या एकटीच्या हाती आलं. साधी विटांची इमारत, एका अंगाला टायरचं दुकान, दुसऱ्या अंगाला दाताचा दवाखाना. मंडळीच्या नोंदवहीत दीडशे माणसं, रविवारी येणारी सत्तर.

बाई पाळक इथे कोणी पाहिलेली नव्हती. पाळकबाई म्हणजे पाळकाची बायको, हे त्यांच्या जिभेवर इतकं बसलेलं की मला पाळकबाई म्हणून झाल्यावर ते पाळकसाहेबांना शोधायला लागायचे. माझ्या नवऱ्याला भर रस्त्यात, खांद्यावर शिडी असताना अडवून विचारायचे, "पाळकसाहेब, बाळाच्या बाप्तिस्म्याचं कधी जमेल?" तो खुशाल तारखा देऊन मोकळा व्हायचा. त्यातल्या दोन मी पाळल्यासुद्धा.

पण या कामात रिपोर्ट येत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. ज्याच्यासाठी मी अकरा दिवस उशाशी बसून प्रार्थना केली तो बाराव्या दिवशी गेला, आणि जिच्यासाठी घाईघाईत फोनवर दोन वाक्यं बोलले ती ठणठणीत होऊन माझ्याच डोक्यावर बसली. आठवडाभर घासूनपुसून तयार केलेलं प्रवचन लोकांनी जांभया देत ऐकलं. आणि एका रविवारी ताप अंगात असताना काहीतरी बरळले, तर एक गृहस्थ शेवटच्या बाकावर ढसाढसा रडले. कोणत्या वाक्याला रडले, ते त्यांनाही सांगता येईना. काय लागू पडलं, काय नाही, काही कळायला मार्ग नाही. मला याचा राग यायचा. देवाचा राग आला असं पाळकाने म्हणू नये म्हणून मी तो बहुतेक वेळा मास्तरांवर काढायचे.

मास्तर म्हणजे आमचे प्रार्थना वाचणारे. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. दर रविवारी प्रवचनानंतर ते पुढे येत आणि मंडळीच्या वतीने प्रार्थना करत. तिचे तीन भाग. पहिल्या भागात आजारी माणसांची नावं, दुसऱ्यात प्रवासात असलेल्यांची, तिसऱ्यात वर्षभरात देवाघरी गेलेल्यांची. प्रत्येक भाग संपला की सगळी मंडळी म्हणते, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

आल्या आल्या माझ्या लक्षात आलं की प्रवाशांच्या यादीत एक नाव दर रविवारी असतं. मी विचारलं तेव्हा कळलं की तो एक ट्रक ड्रायव्हर. खिडक्यांच्या काचा घेऊन निघाला होता. तिसऱ्या दिवशी त्याचा ट्रक एका पेट्रोल पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा सापडला. दारं बंद, कागदपत्रं जागेवर, एकही काच तडकलेली नाही. जेवणाचा डबा धुऊन सीटवर पालथा घातलेला. भांडण नाही, आजार नाही, कोणाशी वैर नाही. पोलिसांनी शोधलं, विहिरी बघितल्या, रुग्णालयं पालथी घातली, आणि शेवटी हात टेकले. या गोष्टीला तेव्हा सात वर्षं होत आली होती.

"मास्तर," मी म्हटलं होतं, "माणूस प्रवासात असतो तरी किती वर्षं?"

"पोचल्याची खबर येईपर्यंत," मास्तर म्हणाले, आणि वही बंद केली.

मी यादी तशीच राहू दिली. नवी होते.

त्या ड्रायव्हरची बायको म्हणजे आमच्या शिंपीणबाई. चर्चपासून चार दुकानं सोडून त्यांचं शिलाईचं दुकान आहे. शाळांचे गणवेश, गायनमंडळाचे झगे, वेदीवरची चादर, सगळं त्यांच्या हातचं. माझा पांढरा झगाही त्यांनीच शिवला, आणि माप घेताना "पाळकांची कंबर लिहायची माझी पहिलीच वेळ" म्हणून हसल्या होत्या. एकच मुलगी, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी. बाई कधी रडगाणं गात नसत. तिसऱ्या बाकावर बसायच्या, नवऱ्याचं नाव वाचलं जाई तेव्हा समोर बघायच्या, आणि मग त्यांचा तो स्वच्छ आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळायचा, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

मला इथे येऊन अडीच वर्षं झाली असतील. एका गुरुवारी दुपारी शिंपीणबाई माझ्या खोलीत आल्या, आणि त्यांच्यामागे चष्मेवाले. चष्मेवाले विधुर. बायको गेल्यावर या गावात आले, चष्म्याचं दुकान टाकलं, आणि गायनमंडळात खालच्या सुरात गायला लागले. बोलणं कमी, पण ज्याच्याशी बोलतील त्याच्या नाकावरचा चष्मा आधी सरळ करतील.

"आम्हाला लग्न करायचंय," शिंपीणबाई म्हणाल्या. "कोर्टातून कागद आणलाय. पोरीला विचारलंय, ती म्हणते उशीर केलास. आता तुम्ही सांगा."

मला इतका आनंद झाला की उठून दोघांना चहा मीच केला. कागद वाचला. सात वर्षांहून अधिक काळ लोटला, कुठे पत्ता लागला नाही, सबब सदर इसम मृत मानण्यात येत आहे. तरी मी रीतीप्रमाणे बिशपसाहेबांना लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, "आपण आपल्या विवेकबुद्धीप्रमाणे निर्णय घ्यावा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विवेकबुद्धी वापरायला मला कागदाची गरज नव्हती, कागद हवा होता तो ती वापरावी लागू नये म्हणून.

लग्नाआधी तीन रविवार सूचना वाचायची, हा आमचा नियम. पहिल्या सूचनेच्या आदल्या शुक्रवारी दोघं नोंदणीच्या सह्या करायला आली. सह्या झाल्या, चष्मेवाले दुकान उघडायला पुढे गेले, आणि शिंपीणबाई दारातून परत फिरल्या.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना, ताई."

"कोर्ट म्हणतं, मेला असं मानायचं. मानायचं म्हणजे काय? मानायला काय, मी नऊ वर्षं तो येणार असं मानलंच की." त्यांनी दाराची मूठ धरून ठेवली होती. "तुम्ही सांगा. तो गेलाय ना?"

माझ्यासमोर नमुना नव्हता. काहीच नव्हतं. पण त्या बाईचा चेहरा होता, आणि तो मला बघवेना. शिवाय खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आला होता. अडीच वर्षांत एकदा तरी कोणीतरी मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मला सरळ उत्तर द्यायचं होतं.

"हो, ताई," मी म्हटलं. "गेलाय."

त्यांचे खांदे खाली आले. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. मी दिवसभर खुशीत होते. आपण कोणाचं तरी ओझं उतरवलं असं वाटत होतं. नवऱ्यालासुद्धा त्या दिवशी मी काही बोलले नाही, म्हणून त्याने कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

शनिवारी मी मास्तरांची यादी घेतली. प्रवाशांच्या भागातून ड्रायव्हरचं नाव काटलं, शेजारी माझी छोटी सही केली, आणि कागद प्रार्थनेच्या वहीत ठेवला. मास्तरांना फोन केला नाही. केला असता तर त्यांनी वाद घातला असता, आणि वादात ते मला भारी पडतात. एक फोन टाळला. पुढचं सगळं त्यातून झालं.

रविवारी सुरुवातीलाच मी सूचना वाचली. अमुक, विधवा, आणि अमुक, विधुर, दोघेही या मंडळीतले. यांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास कळवावे. ही पहिली वेळ. बायकांनी माना वळवून एकमेकींकडे बघितलं, कोणीतरी शिंपीणबाईंचा हात दाबला. चष्मेवाले गायनमंडळात कानापर्यंत लाल. गाणं झालं, वाचन झालं, माझं प्रवचन झालं. मग मास्तर पुढे आले. वही उघडली. आजाऱ्यांची नावं वाचली. मग त्याच खणखणीत आवाजात प्रवाशांची. कामासाठी गेलेला एक मुलगा, लेकीकडे गेलेली एक आजी, आणि तिसरा, नाव आणि आडनावासकट, शिंपीणबाईंचा नवरा.

मला वाटलं, आता कोणीतरी थांबवेल. कोणी थांबवलं नाही. नऊ वर्षांची सवय. सत्तर माणसं एका आवाजात म्हणाली, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." आणि त्यात मला एक आवाज वेगळा ऐकू आला, तिसऱ्या बाकावरचा, नेहमीचाच, स्वच्छ.

त्यांना स्वतःलाही तो ऐकू आला असावा. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मास्तर तिसऱ्या भागाकडे वळले. तोवर लोकांच्या डोक्यात उजेड पडला होता आणि चर्चमध्ये अशी शांतता पसरली की दाताच्या दवाखान्यातली घरघर ऐकू यायला लागली. अर्ध्या तासापूर्वी मी ज्या बाईला विधवा म्हटलं, तिच्या नवऱ्याच्या सुखरूप प्रवासासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली होती. तिनेसुद्धा.

उपासना संपल्यावर मी दारात उभी राहते, लोक हात मिळवून जातात. शिंपीणबाईंनीही हात दिला. "पुढच्या रविवारी ती सूचना वाचू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चष्मेवाले गायनमंडळाच्या बाकावरून गीतपुस्तकं गोळा करत होते, एकेक, आणि सगळी गोळा झाल्यावर त्यांनी ती परत मांडायला घेतली.

मी मास्तरांना माझ्या खोलीत गाठलं. "मास्तर, मी काट मारली होती! सही केली होती! वाचता येत नाही का तुम्हाला?"

"नाही," मास्तर म्हणाले.

वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"दोन वर्षं झाली. मोतीबिंदू. चष्मेवाले मागे लागलेत ऑपरेशन करा म्हणून, मला भीती वाटते. सून शनिवारी नवी नावं सांगते, मी पाठ करतो. कागद नुसता हातात धरायला." त्यांनी खुर्ची चाचपून तिच्यावर बसून घेतलं. "पण बाई, दिसलं असतं तरी मी विचारलंच असतं. काट कशाला मारली? खबर आली का?"

"कोर्टाने सांगितलंय!"

"कोर्टाने लग्न करायला परवानगी दिली. ती चांगलीच गोष्ट आहे. प्रार्थना बंद करा असं कुठे म्हटलंय?"

मी त्यांना बरंच बोलले. इथे लिहिण्यासारखं नाही. ऐंशीच्या घरातला माणूस ऐकून घेत बसला आणि शेवटी म्हणाला, "झालं? आता तिच्याकडे जा."

मी लगेच गेले नाही. घरी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं, मास्तरांनी कसा घोळ घातला तो. त्याने घास तोंडात तसाच ठेवला.

"तू तिला सांगितलंस तो गेलाय म्हणून?"

"हो."

"तुला कसं कळलं?"

मी ताटातली भाकरी मोडत राहिले.

"माझं बघ," तो म्हणाला, "तारेत करंट आहे की नाही हे नुसतं बघून मला पंचवीस वर्षांनंतरही कळत नाही. टेस्टर लावतो, मग बोलतो. तुझ्या धंद्यात टेस्टरच नाही. मी असतो तर तोंड उघडलं नसतं." मग माझा चेहरा बघून त्याने भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. पण मी अर्ध्या जेवणातून उठले. तो चुकीचं काही बोलला नव्हता, म्हणून जास्त झोंबलं.

मंगळवारी दुपारी मी शिंपीणबाईंच्या दुकानात गेले. शाळा उघडायच्या होत्या, टेबलावर निळ्या कापडाचा ढीग आणि त्यावर खडूच्या रेघा. त्या मशिनवर होत्या. मला बघून त्यांनी पाय थांबवला नाही.

"ताई, मी तुमच्याशी खोटं बोलले," मी म्हटलं. उभ्या उभ्याच. बसले असते तर बोलवलं नसतं. "तो गेलाय की नाही, मला माहीत नाही. कोणी मला सांगितलेलं नाही. देवानेही नाही. तुमचा चेहरा बघवेना म्हणून मी हो म्हटलं."

मशिन थांबलं.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या, "मी हे कोणाला विचारलं नव्हतं. तुमच्या आधी दोन पाळक होऊन गेले. गोड बोलायचे दोघंही. त्यांना विचारलं नाही. तुम्ही फटकळ आहात, तोंडावर बोलता, माझ्या शिलाईत खोट काढता, म्हणून तुम्हाला विचारलं. वाटलं, ही बाई मला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही."

मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. चूक काढणाऱ्या साहेबाशी मी भांडू शकते, पण इथे भांडायला जागाच नव्हती.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"तेही मला माहीत नाही."

त्यांनी मशिनमधला धागा ओढून बघितला. मग कापडाचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा. ताणू नका." मी धरलं. त्यांनी शिवण पुढे घेतली आणि मशिनच्या आवाजातच बोलायला लागल्या. "रविवारी ते तोंडातून निघालं ना, तेव्हा वाटलं, आपण खोटारडे आहोत. आत्ताच लग्नाची सूचना ऐकून मन भरून आलं, आणि लगेच त्याच्यासाठी देवाला हाक. यातली कोणती बाई खरी? आणि यांना काय वाटलं असेल?"

'हे' दारातच उभे होते. चष्मेवाले रोज त्या वेळी चहाचा थर्मास घेऊन येतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी थर्मास टेबलावर ठेवला, कापडाला लागणार नाही असा.

"मला काय वाटणार," ते म्हणाले. "मीपण म्हटलंच की."

"काय म्हटलंत?"

"प्रार्थना ऐक म्हणून. चार वर्षं म्हणतोय दर रविवारी. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण नाव पाठ आहे. तो आला तर मला बाजूला व्हावं लागेल हे काय मला कळत नाही? तरी म्हणतो."

शिंपीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "मनापासून म्हणता?"

चष्मेवाल्यांनी विचार केला. खरंच केला, उगाच नाही. "काही रविवारी," ते म्हणाले.

शिंपीणबाई हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, आणि गणवेशाच्या बाहीलाच डोळे पुसले. चष्मेवाल्यांनी पुढे होऊन त्यांचा चष्मा काढला, स्वतःच्या रुमालाने पुसला आणि परत त्यांच्या नाकावर बसवला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण कापडाचं टोक माझ्या हातात होतं.

"सूचना वाचा," त्या शेवटी मला म्हणाल्या. "आणि त्याचं नावही वाचा. इतकी वर्षं हाक मारलीय, ती तुमच्या एका सहीने बंद होणार नाही."

"ताई, पण नाव प्रवाशांमध्ये वाचलं तर तो जिवंत झाला. मग तुम्हाला विधवा कसं म्हणू? कमिटी माझं डोकं खाईल."

"ते तुमचं काम. मी झगे शिवते, तुम्ही हे बघा."

"बघू," मी म्हटलं. आणि चष्मेवाल्यांनी मला चहा दिला.

कमिटीने खाल्लंच डोकं. आमच्या चिटणिसांचं म्हणणं, एकच माणूस एकाच चर्चमध्ये जिवंत आणि मृत दोन्ही कसा असेल. म्हणणं बिनतोड होतं. मी म्हटलं, लग्नाला कोर्टाचा कागद पुरतो, तो आहे. प्रार्थनेला कागद लागत नाही. "पण मग नाव धरायचं कोणत्या यादीत?" मी म्हटलं, कोणत्याच नाही. ते म्हणाले, असं कधी झालेलं नाही. मी म्हटलं, बिशपसाहेबांनी मला विवेकबुद्धी वापरायला सांगितली आहे, ती ही. माझं बरोबर होतं का? मला अजून सांगता येत नाही. चिटणीस तर आजही म्हणतात की नाही.

मास्तरांना मात्र मी या वेळी घरी जाऊन सांगितलं. प्रवासी संपले की थांबायचं. मग ते एक नाव, एकटं. मग परत थांबायचं, आणि मग देवाघरी गेलेले. मास्तरांनी दोनदा म्हणून बघितलं आणि विचारलं, "नावाआधी काय म्हणू? कुठे असलेला?"

"काहीच म्हणू नका. नुसतं नाव घ्या."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या सूचनेच्या रविवारी त्यांनी तसंच केलं. पुढच्याही रविवारी केलं. लोकांनी दोन्ही वेळा उत्तर दिलं, आणि कोणी मान वळवली नाही.

लग्न शनिवारी सकाळी अकराला ठेवलं होतं. चाळीसेक माणसं. शिंपीणबाईंची लेक तिच्या बाळाला घेऊन आलेली. माझा नवरा माइकशी झटापट करून पहिल्या बाकावर घाम पुसत बसलेला. उकाडा होता म्हणून दोन्ही दारं सताड उघडी. शिंपीणबाईंनी स्वतःच शिवलेला फिकट करड्या रंगाचा पोशाख घातला होता, साधाच, पण त्याच्या शिवणीत खोट काढायची माझी हिंमत झाली नाही. गाणं झालं. मी पुस्तक उघडलं आणि वाचलं, "या दोघांच्या विवाहास कोणाला योग्य कारणाने हरकत असेल, तर त्याने आत्ता सांगावे."

या वाक्यानंतर थांबायचं असतं. मी इतर लग्नांत एक श्वास थांबते, तरुण पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारतात, आणि आम्ही पुढे जातो. त्या दिवशी कोणी हललं नाही. आणि शिंपीणबाई वळल्या. वेदीकडे पाठ करून त्यांनी उघड्या दाराकडे बघितलं.

मग सगळ्यांनीच बघितलं. पहिला बाक वळला, दुसरा वळला, लेकीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन बघितलं. मास्तरांना दिसत नाही, तेही वळले. बाहेर ऊन होतं. टायरच्या दुकानातला माणूस एक टायर भिंतीला टेकवत होता. फाटकापाशी कोणीतरी येऊन थांबलं, उंच, पाठमोरं. त्या माणसाने फोनवर काहीतरी विचारलं, दाताच्या दवाखान्याची पाटी बघितली, आणि तो तिकडे गेला.

शिंपीणबाई अजून बघतच होत्या. मला ते सहन होईना. माझ्या मनात आलं, आता आपण पुढचं वाचावं, या बाईला यातून सोडवावं. मी तोंड उघडलं.

"थोडं थांबा, बाई," चष्मेवाले हळूच म्हणाले. चाळीस माणसांत ते एकटे दाराकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. "तिला नीट बघून घेऊ दे."

मी थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. माइक बारीक गुणगुणत होता. बाळाने एकदा आवाज केला. आम्ही सगळे त्या रिकाम्या दाराकडे बघत उभे होतो, आणि तो माणूस यावा असं मला वाटत होतं की येऊ नये, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

मग त्या वळल्या. चेहरा ओला होता. चष्मेवाल्यांनी हात पुढे केलेला होता, तो त्यांनी धरला.

मी माइकवर हात ठेवला आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, खात्री आहे?"

"नाही," त्या म्हणाल्या. "वाचा."

मी पुढची ओळ वाचली.